तिबेटचे संग्रहालय आणि आपली सोयीस्कर विस्मृती

दिवाळी सरते, पहाटेच्या हवेत गारवा येतो आणि पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक अशा शहरांत एखाद्या मैदानाच्या कडेला तिबेटी विक्रेत्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. तेथील लोकरी कपडे बहुतांशी लुधियानाच्या कारखान्यांतून आलेले असतात, पण आपण त्यांना सरसकट 'तिबेटी स्वेटर' म्हणतो, थोडी घासाघीस करतो आणि पिशवी घेऊन घरी परततो. हा विक्रेता कोण, तो आपल्या देशात का आहे, त्याचे आजी-आजोबा कोणत्या खिंडीतून, कोणत्या अवस्थेत भारतात उतरले, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. कर्नाटकातील बैलकुप्पे आणि मुंडगोड येथील वसाहतींची नावे काहींच्या कानावर असतील. परंतु आपल्याच महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत नांदते आहे, हे किती मराठी घरांना ठाऊक आहे?

उन्हाळ्यात प्रवासाची दिशा उलटी होते. हजारो मराठी कुटुंबे हिमाचलाच्या सहलीला निघतात. धर्मशाळा हा त्या सहलीतील हमखास मुक्काम. बर्फाच्छादित धौलाधारच्या पार्श्वभूमीवरील क्रिकेटचे मैदान, भागसूनागचे मंदिर आणि धबधबा, मॅकलिऑडगंजच्या बाजारातील मोमो, दलाई लामांच्या मंदिरासमोर काढलेले छायाचित्र, एवढे झाले की गाडी डलहौसीच्या रस्त्याला लागते. कोतवाली बाजारातून मॅकलिऑडगंजला चढणाऱ्या वाटेवर गांगचेन क्यिशोंग नावाचे एक आवार आहे. निर्वासित तिबेटी प्रशासनाची कार्यालये, त्यांची संसद आणि त्यांची संग्रहालये तेथे आहेत. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत तेथे थांबा नसतो. हा दोष सहल काढणाऱ्यांच्या माथी मारून मोकळे होण्यात अर्थ नाही. ज्या वस्तूची मागणी नाही ती दुकानदार मांडत नाही. तिबेटचा इतिहास पाहण्याची मागणीच आपल्या समाजात उरलेली नाही, आणि ही विस्मृती आपोआप आलेली नाही. ती आपल्याला शिकविली गेली आहे.

एका आवारातील दोन दालने

या आवारात पाहण्यासारखी दोन स्थाने आहेत. पहिले म्हणजे तिबेटी ग्रंथ व अभिलेख यांचे ग्रंथालय. १९७० साली ते स्थापन झाले आणि त्यातील संग्रहालय १९७४ मध्ये खुले झाले. तेथील मूर्ती, थंका आणि पोथ्या कोणा धनिकाने लिलावात बोली लावून जमविलेल्या नाहीत. जीव मुठीत धरून हिमालय ओलांडणाऱ्या माणसांनी अन्नवस्त्राऐवजी ज्या गोष्टी पाठीवर घेतल्या, त्यांतून हा संग्रह उभा राहिला आहे. मागे राहिलेल्या घरातून एकच वस्तू उचलता आली असती तर आपण काय उचलले असते, असा प्रश्न त्या दालनात उभे राहिल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही. या माणसांनी देव उचलला, पोथी उचलली. अवलोकितेश्वराचे लाकडात कोरलेले त्रिमित मंडल तेथे आहे. त्याच्यासमोर क्षणभर स्तब्ध उभे राहावे, असे त्याचे काम आहे.

दुसरे म्हणजे 'तिबेट म्युझियम'. मॅकलिऑडगंज येथील मुख्य मंदिराशेजारी ते २००० साली सुरू झाले आणि २०२२ मध्ये गांगचेन क्यिशोंग येथील नव्या वास्तूत हलले. पहिल्या संग्रहालयात तिबेटची कला आणि विद्या भेटते, तर दुसऱ्यात त्याचा इतिहास आणि त्याच्यावर कोसळलेला प्रसंग. छायाचित्रे, कागदपत्रे, सामान्य माणसांच्या वापरातील वस्तू आणि आठवणी यांच्या आधारे येथे एका राष्ट्राची साक्ष नोंदविली आहे.

या दोन्हींच्या जोडीला मुख्य मंदिरातील अवलोकितेश्वराची मूर्ती पाहणे आवश्यक आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात लाल रक्षकांनी ल्हासाच्या जोखांग मंदिरातील प्राचीन मूर्ती फोडून फेकून दिली. त्या ढिगाऱ्यातून श्रद्धावंतांनी तिचे मुखभाग उचलले, ते नेपाळमार्गे हातोहाती भारतात पोहोचविले आणि धर्मशाळेच्या नव्या मूर्तीत त्यांची स्थापना झाली. मूर्तिभंजनाचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. भंगलेले दैवत विहिरीत, शेतात, घराच्या भिंतीत लपवून वाचविणाऱ्या पूर्वजांचे आपण वारस आहोत. मग त्याच वेदनेसमोर आपण केवळ छायाचित्र काढून पुढे कसे जातो?

नालंदेचा ठेवा कोणी जपला?

या दालनांत जे मांडले आहे, त्याचा आपल्याशी असलेला संबंध केवळ सहानुभूतीचा नाही. सातव्या शतकात स्रोङ्चन गम्पो या राजाने थोन्मी संभोट याला भारतात पाठविले आणि भारतीय लिपीच्या आधारे तिबेटी लिपी सिद्ध झाली, असे तिबेटी परंपरा सांगते. आजही त्या अक्षरांची मांडणी क, ख, ग या आपल्या वर्णमालेच्या क्रमानेच होते. आठव्या शतकात नालंदेचे आचार्य शांतरक्षित तेथे गेले. पद्मसंभव गेले. सम्येचा विहार उभा राहिला. त्याच शतकाच्या अखेरीस तेथे झालेला वादविवाद आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवा होता. एका बाजूला भारतीय आचार्य कमलशील, दुसऱ्या बाजूला चिनी भिक्षू होशांग. तिबेटी परंपरेनुसार राजा ठिस्रोङ देचन याने दोन्ही पक्ष ऐकून भारतीय मार्गाच्या बाजूने कौल दिला. 'प्राचीन काळापासून तिबेट चीनचाच' असे बीजिंग सांगते तेव्हा बाराशे वर्षांपूर्वीचा हा कौल कोणी तरी त्याच्यासमोर ठेवला पाहिजे.

पुढे विक्रमशीलेचे अतिश दीपंकर श्रीज्ञान वयाच्या साठीत १०४२ साली तिबेटात पोहोचले आणि १०५४ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. बाराव्या शतकाच्या अखेरीस बख्तियार खिलजीच्या स्वारीने मगधातील विहार उद्ध्वस्त झाले. भिक्षू मारले गेले, ग्रंथ जळाले. विक्रमशीलेचे अखेरचे महास्थविर शाक्यश्रीभद्र १२०४ साली तिबेटात आश्रयाला गेले. निर्वासितांना आश्रय देण्याचे आपले पुण्य आपण नेहमी सांगतो, परंतु आपल्या निर्वासित आचार्यांना आश्रय देण्याचे पुण्य तिबेटने त्यापूर्वी साडेसातशे वर्षे जोडले होते, हे सांगायचे राहून जाते.

तिबेटने केवळ माणसे सांभाळली नाहीत. कंग्युरचे शंभरावर आणि तेंग्युरचे सव्वादोनशेच्या आसपास खंड म्हणजे भारतीय विद्येचे भाषांतरित भांडार आहे. त्यात तत्त्वज्ञान आहे, न्याय आहे, वाग्भटाचे 'अष्टांगहृदय' आहे, दंडीचा 'काव्यादर्श' आहे आणि कालिदासाचे 'मेघदूत'ही आहे. कवीने मेघाला कैलासाची वाट सांगितली, आणि त्याचे काव्य भाषांतराच्या रूपाने खरोखरच कैलासाच्या देशात पोहोचले! जे मूळ संस्कृत ग्रंथ भारतात नष्ट झाले, त्यांतील कित्येकांच्या हस्तलिखित प्रती तिबेटी विहारांनी कोरड्या, थंड हवेत शतकानुशतके जपल्या. राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटची खडतर यात्रा केली आणि धर्मकीर्तीच्या 'प्रमाणवार्तिका'सारखे हरवलेले ग्रंथ देशाला परत मिळवून दिले. त्यांनी आणलेल्या थंकांचा मोठा संग्रह पाटण्याच्या संग्रहालयाला लाभला.

या शोधाशी महाराष्ट्राचे आणि गोव्याचे थेट नाते आहे. वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'च्या मूळ कारिका राहुलजींनी आणलेल्या छायाचित्रांवरून पुण्याच्या वा. वि. गोखले यांनी संपादित करून १९४६ साली प्रसिद्ध केल्या. विद्याकर या बंगालच्या बौद्ध पंडिताने संकलित केलेला 'सुभाषितरत्नकोश' हा संस्कृत सुभाषितांचा संग्रह गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी आणि गोखले यांनी मिळून सिद्ध केला व १९५७ मध्ये तो हार्वर्डच्या ग्रंथमालेत आला. त्याचा एक प्रमुख आधार तिबेटातील ङोर विहारातील ताडपत्रे हा होता. राहुलजी आणि कोसंबी यांची राजकीय मते डावीकडे झुकलेली होती आणि आमचे त्यांच्याशी मतभेद आहेत. परंतु संस्कृत विद्येचे हे ऋण मान्य करताना पक्ष आड येऊ नये. आज जे विद्वान चीनच्या तिबेटातील 'विकासा'चे गोडवे गातात, त्यांनी आपल्याच या पूर्वसूरींना आठवावे आणि ज्या विहारांनी ही ताडपत्रे राखली त्यांचे पुढे काय झाले, हे एकदा तपासावे.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. तिबेटच्या विद्येचा उगम भारतात आहे, म्हणून तिबेट 'आपलेच' आहे, असा सूर आपल्यातील काही मंडळी लावतात. हा अभिमान दिसायला गोड आहे, पण तो तिबेटवर अन्याय करतो. तिबेटने भारतीय बीज घेतले आणि आपल्या मातीत स्वतःचा वृक्ष वाढविला. त्याची भाषा, त्याचे शासन, त्याची कला ही त्याची स्वतःची आहे. त्याचे राष्ट्रत्व आपल्या आशीर्वादावर अवलंबून नाही. म्हणूनच ते हिरावले जाणे हा अपराध आहे.

कागद काय सांगतात?

या राष्ट्रत्वाचे पुरावे जगासमोर आहेत. तेराव्या दलाई लामांनी १९१२ मध्ये चिनी फौजा बाहेर घालविल्या आणि १९१३ साली स्वातंत्र्याची घोषणा केली. तिबेटचे स्वतःचे चलन होते, स्वतःची टपाल तिकिटे होती, स्वतःचे सैन्य आणि स्वतःचा ध्वज होता. दुसऱ्या महायुद्धात चीन लढत असताना तिबेट तटस्थ राहिला. १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत भरलेल्या आशियाई संबंध परिषदेला तिबेटचे प्रतिनिधिमंडळ स्वतंत्रपणे आले होते. त्याच सुमारास तिबेटी शासनाने आपले अर्थसचिव शाकाब्पा यांना पारपत्र दिले. ते घेऊन व्यापारी शिष्टमंडळ अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील अन्य देशांत फिरले. त्या त्या देशांनी त्या पारपत्रावर आपले शिक्के उमटविले. पुढे हरवलेले हे पारपत्र २००३ साली नेपाळमध्ये सापडले. जो देश अस्तित्वातच नव्हता असे सांगितले जाते, त्याच्या पारपत्रावर शिक्के मारणारे देश काय स्वप्नात होते?

आणि या साऱ्यांत आपल्या हिताचा सर्वांत मोठा कागद म्हणजे १९१४ चा सिमला करार. मॅकमहोन रेषा त्यातून आली. त्या रेषेवर तिबेटच्या प्रतिनिधीची सही आहे. तिबेटला असा करार करण्याचा अधिकारच नव्हता, असे चीन म्हणतो आणि त्याच तर्काने अरुणाचल प्रदेशाला 'दक्षिण तिबेट' म्हणून त्यावर हक्क सांगतो. चीनचा अरुणाचलावरचा दावा तिबेटच्या मार्गानेच आपल्या दारात येतो. तिबेटची ऐतिहासिक ओळख पुसण्यास आपण जेवढी मूक संमती देतो, तेवढा आपल्याच सीमेचा आधार आपण स्वतः खणतो. तिबेटचे संग्रहालय हे म्हणून भारताच्या सीमेचे दफ्तरही आहे.

आपल्या चुकांचे दालन

त्या इतिहासात भारताच्याही पाऊलखुणा आहेत आणि त्या सर्वच अभिमानास्पद नाहीत. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने चामदोवर हल्ला केला. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्रात उत्तर सीमेवरील संकट स्पष्ट शब्दांत मांडले. भारताच्या संरक्षणाला आता एकाच वेळी दोन आघाड्यांचा विचार करावा लागेल, असे त्यांनी बजावले. पाच-सहा आठवड्यांत सरदार गेले आणि ते पत्र दप्तरी दाखल झाले. त्याच नोव्हेंबरात एल साल्व्हादोर या लहानग्या देशाने तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात मांडला. तेव्हा प्रश्न शांततेने सुटेल अशी आशा दाखवून तो लांबणीवर टाकण्याच्या बाजूने भारताच्या प्रतिनिधीने बोलावे, याला काय म्हणावे?

२९ एप्रिल १९५४ रोजी बीजिंगमध्ये जो करार झाला, त्याला आपण 'पंचशील' या पवित्र नावाने ओळखतो. त्याच्या शीर्षकातच 'चीनचा तिबेट प्रदेश' असे शब्द होते. ग्यांत्से आणि यातुंग येथील आपल्या लष्करी तुकड्या आपण काढून घेतल्या, टपाल आणि तारेची व्यवस्था व विश्रामगृहे चीनच्या स्वाधीन केली. मोबदल्यात काय मिळाले? आठ वर्षांची मुदत. ती १९६२ मध्ये संपली आणि त्याच वर्षी चिनी फौजा आपल्या भूमीवर उतरल्या. दरम्यान, अक्साई चीनमधून रस्ता काढून झाला होता.

धोक्याची जाणीव कोणालाच नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली राज्यसभेत पंचशीलावर कठोर टीका केली. माओला या तत्त्वांविषयी खरी आस्था असती तर त्याने आपल्या देशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली असती, हा त्यांचा मुद्दा होता. डॉ. राममनोहर लोहियांनी तिबेटवरील आक्रमणाला शिशुहत्येची उपमा दिली. आचार्य कृपलानींनी पंचशीलाचा जन्मच पापातून झाल्याचे संसदेत सुनावले. श्रीगुरुजींनी सातत्याने सावध केले. १९५९ मध्ये तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात न्यावा, असा प्रस्ताव तरुण अटलबिहारी वाजपेयींनी लोकसभेत मांडला. विचाराने परस्परांपासून दूर असलेली ही माणसे या एका प्रश्नावर एकत्र होती. तरीही त्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेत तिबेटवर मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. ठरावाच्या बाजूने मत देण्यास आपल्याला १९६५ पर्यंत वाट पाहावी लागली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात आले तेव्हा त्यांना आश्रय देण्यात नेहरूंनी कुचराई केली नाही. त्यांच्या मागोमाग आलेल्या सुमारे ऐंशी हजार तिबेटींसाठी वसाहती आणि शाळा उभारण्यास भारताने हात दिला. आज ही संस्कृती जिवंत आहे ती त्या निर्णयामुळे. ज्याचे श्रेय त्याला द्यावे.

परंतु हाच न्याय आपल्या घरालाही लावावा लागेल. २३ जून २००३ रोजीच्या संयुक्त घोषणापत्रात, तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूभागाचा भाग आहे, असे भारताने मान्य केले. त्या वेळी पंतप्रधानपदी अटलजीच होते. नथू ला मार्गे व्यापार आणि सिक्कीमबाबत चीनची बदललेली भूमिका, हा त्याचा मोबदला मानला गेला. सिक्कीम मुळात आपलाच होता. आपल्याच घराच्या किल्ल्या परत घेण्यासाठी शेजाऱ्याच्या जप्त झालेल्या घराच्या कागदावर सही करण्याचा तो व्यवहार होता. २०१४ च्या शपथविधीला निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या प्रमुखांना सन्मानाने निमंत्रण मिळाले, याचा आनंद झाला. पण २०१८ मध्ये भारताचे आभार मानण्यासाठी तिबेटींनी आखलेला कार्यक्रम दिल्लीतून धर्मशाळेला हलवावा लागला, याचे दुःखही तेवढेच आहे. आभार मानणाऱ्यालाही राजधानीत जागा नसावी? सत्तेवर कोण आहे हे पाहून ज्याचे तिबेटप्रेम भरती-ओहोटीला लागते, त्याने ते प्रेम म्हणवू नये.

पाट्यांचे युद्ध

'संग्रहालयाने काय होणार?' असा प्रश्न काही व्यवहारचतुर लोक विचारतात. बीजिंगला हा प्रश्न पडत नाही. ल्हासामध्ये चीनने १९९९ साली तिबेटचे भव्य संग्रहालय उघडले आणि प्रचंड विस्तार करून २०२२ मध्ये ते पुन्हा खुले केले. धर्मशाळेचे नवे संग्रहालयही त्याच वर्षीचे. एका बाजूला महासत्तेचा खजिना, दुसऱ्या बाजूला परक्या भूमीवर राहणाऱ्या लोकांची पुंजी. ल्हासाच्या दालनांत तिबेट हा चीनचा अविभाज्य, अनादि घटक म्हणून मांडला जातो. येणाऱ्या पिढीच्या डोळ्यांसमोर कोणती पाटी राहील, हे तेथे ठरते.

एवढ्यावर ते थांबलेले नाहीत. अलीकडच्या वर्षांत चीनने इंग्रजी लेखनातूनही 'तिबेट' हा शब्द हटवून 'शीझांग' हे चिनी नाव रूढ करण्याची मोहीम चालविली आहे. २०२४ मध्ये तिचे पडसाद थेट पॅरिसमध्ये उमटले. तेथील के ब्रान्ली संग्रहालयाने आपल्या सूचीत 'शीझांग' लिहिले, आणि तिबेटींच्या निदर्शनांनंतर ते मागे घेतले. गिमे या आशियाई कलेच्या ख्यातनाम संग्रहालयाने दालनाच्या नावातील तिबेट काढून 'हिमालयीन जग' असे गुळमुळीत नाव दिले. ज्या फ्रान्सने जगाला स्वातंत्र्याचे पाठ दिले, त्याच्या राजधानीत ही गत! आणि हीच लेखणी २०१७ पासून वारंवार अरुणाचल प्रदेशातील गावे, नद्या आणि शिखरे यांना चिनी नावे देत आली आहे. तिबेटचे नाव पुसणारा हात आणि तवांगचे नाव बदलणारा हात एकच आहे, हे समजण्यास फार मोठ्या मुत्सद्देगिरीची आवश्यकता नाही.

नावानंतर पाळी येते मुलांची. तिबेटातील सुमारे दहा लाख मुले सरकारी निवासी शाळांच्या व्यवस्थेत आपल्या कुटुंबापासून, भाषेपासून तोडली जात असल्याची चिंता संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी २०२३ मध्ये व्यक्त केली. दलाई लामांनी १९९५ च्या मे महिन्यात पंचेन लामांचा अवतार म्हणून घोषित केलेला सहा वर्षांचा बालक तीन दिवसांत चिनी शासनाने उचलला. तो आजतागायत जगाला दिसलेला नाही. २००९ पासून दीडशेहून अधिक तिबेटींनी स्वतःला पेटवून घेतले. कोणावर बॉम्ब फेकला नाही, कोणाचे विमान पळविले नाही. कदाचित म्हणूनच जगाच्या बातम्यांत त्यांना जागा मिळाली नाही.

व्यवहारवादाला उत्तर

यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, खुद्द दलाई लामाच स्वातंत्र्याऐवजी खऱ्या स्वायत्ततेचा मध्यम मार्ग मागतात, मग आपण का बोलावे? आपल्या हक्कातील काय सोडावे, हे ठरविण्याचा अधिकार तिबेटींचा आहे. त्यांच्या वतीने ते आधीच सोडून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप असा की, आश्रय दिला, आता आणखी काय द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर विशेष सरहद्द दलाच्या तिबेटी जवानांनी दिले आहे. १९६२ च्या युद्धकाळात उभ्या राहिलेल्या या दलाने १९७१ मध्ये चितगावच्या डोंगरांत भारतासाठी रक्त सांडले. २०२० मध्ये पँगाँगच्या दक्षिणेकडील शिखरांवरील मोहिमेच्या वेळी त्यातील एक तिबेटी अधिकारी कामी आला. लेहमध्ये त्याची शवपेटी तिरंगा आणि तिबेटी ध्वज अशा दोन्ही ध्वजांत लपेटलेली होती. जो भारतासाठी प्राण देतो, त्याच्या देशाचा इतिहास वाचण्याएवढा वेळही आपण देऊ नये?

तिसरा आक्षेप असा की, चीन बलाढ्य आहे आणि तिबेट दूर आहे. तिबेट किती दूर आहे? कैलास-मानसरोवराची यात्रा २०२० मध्ये थांबली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. शिवाच्या निवासस्थानी जाण्यासाठी हिंदूंना बीजिंगची अनुमती लागते, आणि ती मिळणे न मिळणे सीमेवरील वातावरणावर अवलंबून असते. जुलै २०२५ मध्ये यारलुंग सांगपो नदीवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला, सुमारे साठ हजार मेगावॉटच्या महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम चीनने अधिकृतपणे सुरू केले. आसामच्या शेतकऱ्याला विचारा, तिबेट दूर आहे का!

करावयाचे काय?

शासनाकडून अपेक्षा अवश्य कराव्यात. सम्येचा वाद, अतिशांची यात्रा, सरदारांचे पत्र आणि १९५४ चा करार शालेय पुस्तकांत यावा. विद्यापीठांत तिबेटी भाषेच्या अभ्यासाला बळ मिळावे. सारनाथला १९६७ पासून उच्च तिबेटी अध्ययनाची संस्था कार्यरत आहे. तिबेटी भाषांतरांवरून लुप्त संस्कृत ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्याचे मोलाचे कार्य तेथे होते. अशा केंद्रांकडे मराठी विद्यार्थी का वळू नयेत?

परंतु जे शासनावाचून करता येण्यासारखे आहे, ते आपण टाळू नये. हिमाचलाची सहल आखताना गांगचेन क्यिशोंगसाठी अर्धा दिवस राखून ठेवा आणि मुलांना बरोबर न्या. ज्यांना तेथवर जाणे शक्य नाही, त्यांनी मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील हिमालयीन कलेचे दालन पाहावे, आणि पाहताना फलकावर तिबेटचे नाव काय लिहिले आहे, तेही वाचावे. विदर्भातील कार्यकर्त्यांनी गोठणगावच्या वसाहतीशी नित्याचा संबंध ठेवावा, त्यांच्या सणाला जावे, त्यांना आपल्या उत्सवांत बोलवावे. ज्येष्ठ तिबेटींची आठवण सांगणारी पिढी झपाट्याने मावळते आहे. तिच्या तोंडून ऐकलेले मराठीत लिहून ठेवणे, हे एखाद्या महाविद्यालयीन गटालाही जमण्यासारखे काम आहे.

हे सारे तातडीचे आहे. ६ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी वयाची नव्वद वर्षे पूर्ण केली. आपल्यानंतरही ही परंपरा चालू राहील आणि पुढील अवतार ओळखण्याचा अधिकार केवळ आपल्या गादेन फोद्रांग न्यासाचा असेल, असे त्यांनी त्यापूर्वी चार दिवस स्पष्ट केले. देव न मानणाऱ्या चिनी साम्यवादी राजवटीने मात्र २००७ मध्येच आदेश काढून पुनर्जन्मासाठी सरकारी मंजुरी आवश्यक केली आहे. एक दिवस दोन दलाई लामा जगासमोर उभे केले जातील, एक परंपरेने ओळखलेला आणि एक पक्षाने नेमलेला. श्रद्धेच्या विषयांवर शासन भूमिका घेत नाही, असे आपल्या परराष्ट्र खात्याने जुलै २०२५ मध्ये सांगितले. त्या दिवशी हे उत्तर पुरणार नाही. तवांगच्या विहारात, लडाखच्या गोंपांत, स्पितीत आणि सिक्कीममध्ये राहणारे आपले बांधव दिल्लीकडे पाहत असतील, आणि दिल्ली देशातील लोकमताकडे पाहील. ते लोकमत त्या सकाळी अचानक निर्माण होणार नाही. ते आज घराघरांत, शाळांत आणि शाखांत घडवावे लागेल.